डिनामो झाग्रेबचा युरोपातला हिशेब कसा मांडायचा?

बाद_फेरी

२०२४-२५ च्या चॅम्पियन्स लीगचा तक्ता उघडला की माझी नजर पंचविसाव्या ओळीवर अडकते. क्रोएशियाचा क्लब डिनामो झाग्रेब, ८ सामने, ११ गुण, गोलफरक उणे ७. त्याच्या वरच्या ओळीत क्लब ब्रुज. गुण तेवढेच, ११. गोलफरक उणे ४. चोविसाव्याला बाद फेरीच्या प्लेऑफचं तिकीट मिळालं आणि पंचविसाव्याचा युरोपातला हंगाम जानेवारीतच संपला.

पहिल्याच सामन्यात म्युनिकला बायर्नने डिनामोला ९-२ ने हरवलं होतं. म्हणजे उणे ७ हा अख्खा आकडा त्या एका संध्याकाळचा. उरलेल्या सात सामन्यांत त्यांनी १० गोल केले आणि १० खाल्ले. साल्झबुर्गला त्यांच्या घरी हरवलं, स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाला त्यांच्या घरी ४-१ ने हरवलं, मोनाकोशी २-२ आणि सेल्टिकशी ०-० अशी बरोबरी साधली, शेवटच्या दिवशी एसी मिलानला २-१ ने हरवलं. आर्सेनल आणि डॉर्टमुंडकडून प्रत्येकी ३-० ने हरले. मध्यंतरी तीन प्रशिक्षक झाले: याकिरोविच, ब्येलिका, कानावारो.

आता याच्या आधीचं बघा. २०११ ते २०२२ या काळात डिनामो सहा वेळा चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचला आणि सहाही वेळा चौथा, म्हणजे शेवटचा आला. ३६ सामने, ३ विजय, ४ बरोबरी, २९ पराभव. २०१६-१७ ला युव्हेंटस, सेव्हिया आणि लियॉनच्या गटात सहा सामन्यांत एकही गोल नाही, खाल्ले १५. एवढंच वाचणारा माणूस म्हणेल, हा संघ तिथे जातोच कशाला?

पण ते तीन विजय कोणावर आहेत? २०१५ ला आर्सेनल, २०१९ ला अटालांटा, २०२२ ला चेल्सी. तिन्ही माक्सिमिर या घरच्या मैदानावर, तिन्ही गटातल्या पहिल्याच सामन्यात. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. क्रोएशियन विजेता जुलैपासून पात्रता फेऱ्या खेळत असतो. सप्टेंबरात तो पूर्ण लयीत असतो आणि मोठे क्लब तेव्हा कुठे सुरुवात करत असतात. ऑक्टोबरपासून पुढे मात्र संघाची खोली उघडी पडते. दुखापत झालेल्या खेळाडूच्या जागी त्याच तोडीचा दुसरा बाकावर नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं की डिनामोची युरोपातली कामगिरी गटांच्या तक्त्यांवरून वाचली तर चुकीची वाचली जाते. ती वाचायची तर १९६७ चा कप, २०१८ नंतरचा युरोपा लीगमधला (चॅम्पियन्स लीगच्या खालच्या स्पर्धेतला) बदल, आणि दरवर्षी विकून टाकलेले खेळाडू, तिन्ही एकत्र घ्यावे लागतात. तुमचं काय मत?

सातारकर_९

छान धागा. १९६७ चा कप म्हणजे इंटर-सिटीज फेअर्स कप ना? युएफा, म्हणजे युरोपी फुटबॉलची मुख्य संघटना, तर तो आपल्या अधिकृत स्पर्धांत धरतच नाही. मग क्लबच्या खात्यावर मांडायचा की नाही?

जुनी_पाने

सातारकर, युएफाने तो धरला नाही याचं कारण स्पर्धा युएफाने भरवलेली नव्हती, इतकंच. १९५५ मध्ये ती सुरू झाली ती व्यापारी जत्रा भरणाऱ्या शहरांसाठी. झाग्रेबचा वेलेसायाम, म्हणजे तिथलं व्यापारी प्रदर्शन, जुनं आणि नावाजलेलं, त्यामुळे झाग्रेब त्यात पहिल्यापासून होतं. पुढे १९७१ मध्ये युएफा कप आला तो याच स्पर्धेच्या जागी. मैदानावर उतरणारे संघ तेच, चुरस तीच. बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, लीड्स, न्यूकॅसल, आर्सेनल हे सगळे आपापल्या इतिहासात तो कप अभिमानाने मांडतात. झाग्रेबने का मांडू नये?

त्यातही तो कसा जिंकला ते वाचण्यासारखं आहे. पहिल्या फेरीत समोर स्पार्टाक ब्र्नो. दोन्ही संघांनी एकेक सामना २-० असा जिंकला. तेव्हा पेनल्टी शूटआउट नव्हतं, निकाल नाणेफेकीवर लागला आणि नाणं झाग्रेबच्या बाजूने पडलं. दुसऱ्या फेरीत स्कॉटलंडच्या डनफर्मलिनकडून ४-२ ने हरले, घरी २-० ने जिंकले. एकूण ४-४ अशी बरोबरी, आणि अशा वेळी परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा, म्हणून तिथल्या दोन गोलांवर पुढे गेले. मग रुमानियाच्या पितेश्तीवर दोन सामन्यांत मिळून एका गोलने मात. मग युव्हेंटस: तुरिनमध्ये २-२, झाग्रेबमध्ये ३-०.

उपांत्य फेरी सगळ्यात मोठी. आइनट्राख्ट फ्रांकफुर्टने आपल्या घरी ३-० ने हरवलं होतं. परतीच्या सामन्यात डिनामोने जादा वेळेपर्यंत नेऊन ४-० ने जिंकलं. कर्णधार स्लावेन झाम्बाता, मध्यरक्षणात रुडोल्फ बेलिन, बचावात म्लादेन राम्ल्याक, गोलात झ्लातको श्कोरिच. प्रशिक्षक ब्रान्को झेबेत्स यांनी हा संघ घडवला आणि अंतिम सामन्यांच्या वेळी सूत्रं इवित्सा होर्वात यांच्याकडे होती.

अंतिम फेरी पुढच्या हंगामाच्या तोंडावर झाली. ३० ऑगस्ट १९६७ ला माक्सिमिरवर डॉन रेव्हीच्या लीड्सला २-० ने हरवलं, गोल मारियान चेर्चेक आणि क्रास्नोदार रोरा यांचे. ६ सप्टेंबरला एलंड रोडवर ०-०. हे तेच लीड्स, ज्यांनी पुढच्याच वर्षी हा कप जिंकला आणि १९७१ मध्ये पुन्हा जिंकला. कुणा दुबळ्या संघाला हरवून मिळालेला कप नव्हे हा.

आणखी एक. क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियात होता, आणि युगोस्लाव्ह फुटबॉलला मिळालेला तो पहिला युरोपी करंडक. दुसरा यायला १९९१ उजाडलं, तो रेड स्टार बेलग्रेडने युरोपियन कप जिंकला तेव्हा. त्या रेड स्टारमधला रॉबर्ट प्रोसिनेच्की १९८७ पर्यंत डिनामोत होता!

१९६३ लाही डिनामो याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत होता, तेव्हा व्हॅलेन्सियाने दोन्ही सामने जिंकले, २-१ आणि २-०. त्याआधी १९६०-६१ च्या पहिल्यावहिल्या कप विनर्स कपमध्ये उपांत्य फेरीत फिओरेंतिनाकडून हार. म्हणजे सात वर्षांत एक उपांत्य फेरी, दोन अंतिम फेऱ्या, एक कप. क्लबचा खरा सुवर्णकाळ साठचं दशक.

अनघा_फु

जुनी_पाने काका, वाचून अंगावर काटा आला. नाणेफेकीने वाचलेला संघ कप घेऊन घरी येतो!

आद्रियाटिक

सगळं मान्य, पण क्रोएशियातून युरोपात सगळ्यात पुढे गेलेला क्लब म्हणून डिनामोचंच नाव घेतलं जातं तेव्हा हायदुक स्प्लिटवर अन्याय होतो. मी आयुष्यभर हायदुकच्या बाजूचा, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

युरोपियन कप म्हणा किंवा चॅम्पियन्स लीग, सर्वोच्च स्पर्धेत हायदुक तीन वेळा उपांत्यपूर्व फेरीत गेला आहे. १९७६ ला पीएसव्ही आइंडहोवनने जादा वेळेत बाहेर काढलं. १९८० ला हॅम्बुर्गविरुद्ध तिथे ०-१, घरी ३-२ जिंकूनही परक्या गोलांवर बाहेर. १९९५ ला आयाक्सविरुद्ध स्प्लिटमध्ये ०-०, अॅम्स्टरडॅमला ०-३, आणि त्या वर्षीचं विजेतेपद आयाक्सनेच घेतलं. शिवाय १९७३ च्या कप विनर्स कपची उपांत्य फेरी लीड्सविरुद्ध (एका गोलने गेली) आणि १९८४ च्या युएफा कपची उपांत्य फेरी टॉटनहॅमविरुद्ध (घरी २-१, लंडनला ०-१, पुन्हा परके गोल). डिनामो सर्वोच्च स्पर्धेत एकदाही शेवटच्या आठात नाही.

आणि १९९४-९५ चा तो हायदुक कोणत्या परिस्थितीतून उभा राहिला ते बघा. १९९१ मध्ये युद्धामुळे टॉटनहॅमविरुद्धचा 'घरचा' सामना त्यांना ऑस्ट्रियातल्या लिंझला खेळावा लागला होता. तीन वर्षांत तोच क्लब बेनफिका, स्तेआउआ आणि अँडरलेख्टच्या गटात दुसरा येऊन पुढे गेला. त्या संघात इगोर श्तिमाच होते. आपल्याकडे सगळ्यांनी त्यांना २०१९ ते २०२४ भारताचे प्रशिक्षक म्हणून पाहिलं, पण बचावपटू म्हणून ते चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या आठात खेळलेल्या संघातले, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं.

बाद_फेरी

आद्रियाटिक, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि धाग्यात तो यायलाच हवा होता. सर्वोच्च स्पर्धेपुरतं बोलायचं तर हायदुक पुढे. पण दोन गोष्टी.

एक, १९९५ नंतर हायदुकला चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत परत जाता आलेलं नाही. सातत्य डिनामोकडे आहे. २००६ ते २०१६ सलग ११ राष्ट्रीय विजेतेपदं, २०१७ ला रियेकाने ती साखळी तोडली, मग २०१८ ते २०२४ सलग सात. दरवर्षी उन्हाळ्यात तेच दार ठोठावत राहिले.

दोन, हायदुकने पहिल्या दोन उपांत्यपूर्व फेऱ्या गाठल्या त्या १९७६ आणि १९८० ला, जेव्हा युगोस्लाव्हियात खेळाडूला विशिष्ट वयाआधी परदेशी जायची मुभा नव्हती. पिढीच्या पिढी एकत्र राहायची. जुनी_पानेंच्या १९६७ च्या संघालाही हेच लागू आहे. आजच्या डिनामोला हे भाग्य नाही. चोर्लुका २००७ ला गेला, ल्युका मॉद्रिच २००८ ला. मांझुकिच आणि लोव्रेन २०१० ला. कोवाचिच २०१३ ला वयाच्या अठराव्या वर्षी इंटरला, ब्रोझोविच दोन वर्षांनी त्याच इंटरला. मार्को प्याका २०१६ ला युव्हेंटसला. दानी ओल्मो जानेवारी २०२० ला लाइपझिगला, ग्वार्दिओल २०२१ ला तिथेच. यातले निम्मे जरी दोन वर्षं जास्त थांबले असते तरी त्या ३६ सामन्यांचा तक्ता असा दिसला नसता.

सातारकर_९

पण हे विकणं क्लबच्या मजबुरीचं की काही लोकांच्या फायद्याचं?

मुक्काम_झाग्रेब

मी कामानिमित्त झाग्रेबला राहते, म्हणून यावर लिहिते. दोन्हीचं.

मजबुरी खरी आहे. क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास, टीव्ही हक्कांचा पैसा तुटपुंजा. क्लबचं बजेट उभं राहतं ते युएफाच्या बक्षिसांवर आणि खेळाडूंच्या विक्रीवर. अकादमी चालते ती त्याच पैशांवर.

पण दुसरी बाजू काळी आहे. वर्षानुवर्षं क्लबची सूत्रं झ्द्राव्को मामिचकडे होती. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला खेळाडूंच्या विक्रीतले क्लबचे पैसे वळवल्याबद्दल साडेसहा वर्षांची शिक्षा दिली. तो निकालाआधीच बोस्निया-हर्झेगोव्हिनात निघून गेला. त्या प्रकरणात मॉद्रिच आणि लोव्रेनच्या विक्रीचे व्यवहार होते. क्लबचे पाठीराखे, बॅड ब्लू बॉईज, कित्येक वर्षं या माणसाविरुद्ध उभे होते, त्यांनी बहिष्कार टाकला, आणि त्या काळात मोठमोठ्या सामन्यांनाही माक्सिमिरवर रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. गटातल्या त्या पराभवांकडे बघताना हेही बघा. ज्या क्लबचे स्वतःचे लोक दाराबाहेर उभे होते, तो आतमध्ये कुणाच्या जोरावर लढणार?

मैदानही थकलेलं आहे. मार्च २०२० च्या भूकंपात शहराचं खूप नुकसान झालं, त्यात माक्सिमिरची पूर्वेकडची प्रेक्षकगॅलरी बंद करावी लागली. टीव्हीवर एक बाजू रिकामी दिसायची ती त्यामुळे. चेल्सीला हरवलं ते याच अर्ध्या बंद मैदानावर.

मिडफिल्ड_माने

धाग्याची चर्चा लियॉनच्या सामन्याशिवाय पुरी होणार नाही, म्हणून तोही लिहितो. ७ डिसेंबर २०११, चॅम्पियन्स लीगच्या गटातला शेवटचा सामना. लियॉनला पुढे जायला स्वतः जिंकायचं होतं, आयाक्स हरायला हवं होतं आणि गोलफरकाची मोठी दरी भरून काढायची होती. डिनामोचा एक खेळाडू पहिल्या अर्ध्यात लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तरी सतरा वर्षांच्या कोवाचिचने गोल करून आघाडी मिळवून दिली. मध्यांतराला १-१. दुसऱ्या अर्ध्यात लियॉनचे सहा गोल. निकाल १-७, गोमिसचे एकट्याचे चार. तिकडे आयाक्स रेआल माद्रिदकडून ०-३ हरलं आणि लियॉन पुढे गेलं. युरोपभर संशयाची कुजबुज झाली. युएफाला काही वावगं आढळलं नाही. प्रशिक्षक युर्चिचला त्याच रात्री जावं लागलं.

मला या सामन्यात कट दिसत नाही. सहा सामन्यांत २२ गोल खाल्लेल्या, दहा माणसांनी खेळणाऱ्या, स्पर्धेतून कधीच बाहेर पडलेल्या संघाचा कोसळलेला अर्धा तास दिसतो. पण त्या रात्रीचा डाग क्लबला पुढची सात-आठ वर्षं पुसता आला नाही, आणि त्यातून तो पहिला गोल करणारा पोरगा लोकांच्या आठवणीतून पार गेला, याचं फार वाईट वाटतं.

अनघा_फु

डाग पुसला तो १८ मार्च २०२१ ला. या रात्रीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१८-१९ मध्ये ब्येलिकाच्या हाताखाली डिनामो युरोपा लीगच्या गटात पहिला आला, फेनरबाहचे आणि अँडरलेख्टच्या पुढे. मग विक्टोरिया प्ल्झेनला हरवलं. तिथले लोक नाताळनंतरही युरोपात टिकून राहण्याला युरोपी वसंत म्हणतात, आणि डिनामोला असा वसंत १९७० नंतर पहिल्यांदा दिसला. एकोणपन्नास वर्षं! बेनफिकाविरुद्ध पहिला सामना १-० ने जिंकला, लिस्बनला जादा वेळेत ०-३ ने हरले.

२०२०-२१ ला फेरेंत्सवारोशने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत बाहेर काढलं, म्हणून युरोपा लीग. फेयेनूर्ड, सीएसकेए मॉस्को, वोल्फ्सबेर्गर यांच्या गटात सहा सामन्यांत फक्त एक गोल खाल्ला. क्रास्नोदारला दोन्ही सामन्यांत हरवलं. मग टॉटनहॅम. लंडनला हॅरी केनच्या दोन गोलांनी ०-२. परतीच्या सामन्याच्या तीन दिवस आधी प्रशिक्षक झोरान मामिच (झ्द्राव्कोचा भाऊ) याची चार वर्षं आठ महिन्यांची शिक्षा कायम झाली आणि त्याने राजीनामा दिला. सहायक दामिर क्रझनारने सूत्रं हाती घेतली. करोनामुळे मैदान रिकामं. समोर जुझे मोरिन्यो.

बासष्टाव्या मिनिटाला मिस्लाव ओर्शिच डावीकडून आत आला आणि लांबून वरच्या कोपऱ्यात मारलं. त्र्याऐंशीव्याला दुसरा. एकूण २-२, जादा वेळ. एकशे सहाव्या मिनिटाला ओर्शिच मधल्या भागातून एकटा निघाला, बचावपटूंना मागे टाकत पेनल्टी क्षेत्राच्या टोकापर्यंत गेला आणि तिसरा मारला. तेव्हा परक्या गोलाचा नियम अजून होता. म्हणजे टॉटनहॅमने उरलेल्या चौदा मिनिटांत एक गोल केला असता तरी डिनामो बाहेर. गोलरक्षक दोमिनिक लिवाकोविचने तो होऊ दिला नाही. सामना संपल्यावर मोरिन्यो स्वतः डिनामोच्या ड्रेसिंगरूममध्ये अभिनंदन करायला गेला. महिन्याभराने त्याची टॉटनहॅममधली नोकरी गेली.

ओर्शिचचा प्रवासही तसाच मनाला भिडणारा. इटलीत जम बसला नाही, मग दक्षिण कोरिया, चीन, पुन्हा कोरिया. डिनामोत आला २०१८ ला, पंचविशीत. ज्या वयात बाकीचे तिथून विकले जाऊन निघतात, त्या वयात तो तिथे पोहोचला! अटालांटाविरुद्ध ४-० मध्ये हॅटट्रिक त्याची, टॉटनहॅमविरुद्ध त्याची, आणि ६ सप्टेंबर २०२२ ला चेल्सीविरुद्ध तेराव्या मिनिटाला विजयी गोलही त्याचाच. दुसऱ्या दिवशी चेल्सीने प्रशिक्षक टुखेलला काढलं.

आणि त्याच वर्षी कतारच्या विश्वचषकात क्रोएशियाचा संघ बघा. जपानविरुद्ध तीन पेनल्टी अडवणारा लिवाकोविच, ब्राझीलविरुद्ध ११७ व्या मिनिटाला बरोबरी साधणारा पेटकोविच, त्याला पास देणारा ओर्शिच, आणि मोरोक्कोविरुद्ध तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात विजयी गोल मारणारा पुन्हा ओर्शिच. तिघेही तेव्हा डिनामोचे खेळाडू होते. क्लबचा हिशेब मांडताना हेही त्याच वहीत लिहायला हवं.

आद्रियाटिक

टॉटनहॅमच्या त्या रात्री मीही डिनामोसाठी आनंदलो. १९८४ चं कर्ज कुणीतरी फेडलं.

गोंयचो_बॉल

गोव्याचा एक छोटा धागा जोडतो. मार्को लेश्कोविच हा बचावपटू २०२१ मध्ये डिनामोकडूनच केरला ब्लास्टर्समध्ये आला. त्या हंगामात करोनामुळे आयएसएलचे सगळे सामने गोव्यातच झाले आणि ब्लास्टर्स फातोर्ड्याला अंतिम सामना खेळले, हैदराबादविरुद्ध पेनल्टीवर हरले. त्याचा शांतपणा, उंच चेंडूवरचा अंदाज, जागा सोडून न धावणं, हे सगळं डिनामोसारख्या क्लबमध्ये रोजच्या सरावात कमावलेलं होतं. त्याच सुमारास आपला संदेश झिंगन क्रोएशियात शिबेनिककडे गेला होता, दुखापतीमुळे त्याला तिथे खेळायला मिळालं नाही. मिळालं असतं तर माक्सिमिरवर एखादा सामना झाला असता, ही हळहळ अजून आहे.

मुक्काम_झाग्रेब

एक जड गोष्टही लिहावी लागेल. ऑगस्ट २०२३ मध्ये एईके अथेन्सविरुद्धच्या पात्रता सामन्याच्या आदल्या रात्री डिनामोच्या पाठीराख्यांचा जमाव बंदी असूनही अथेन्सला पोहोचला. हाणामारीत एईकेचा एक तरुण पाठीराखा भोसकला जाऊन मेला. शंभरच्या आसपास लोकांना अटक झाली. सामना पुढे ढकलला गेला, नंतर एईकेने डिनामोला स्पर्धेतून बाहेर काढलं. त्या पराभवाची चर्चा इथे कुणी फारशी केली नाही, आणि करावी असंही मला वाटलं नाही. याच पाठीराख्यांनी मामिचविरुद्ध उभं राहून दाखवलं होतं, म्हणून जास्त त्रास होतो. ज्या घरातला मुलगा गेला त्या घरापुढे कुठलाही वसंत, कुठलाही कप मोजता येत नाही.

जुनी_पाने

मुक्काम_झाग्रेब, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

मिडफिल्ड_माने

मूळ प्रश्नाकडे येतो. बाद_फेरी म्हणतात तसं ३६ सामन्यांत ३ विजय, आणि नव्या पद्धतीत ८ सामन्यांत ३ विजय, २ बरोबरी. संघ एकदम सुधारला का? माझ्या मते बदल पद्धतीत आहे. सोडतीआधी संघांची ताकदीनुसार चार भांड्यांत विभागणी होते, आणि जुन्या चार संघांच्या गटात डिनामो बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या भांड्यातून यायचा. मग सहाच्या सहा सामने आपल्याहून श्रीमंत तिघांशी. नव्या पद्धतीत आठ वेगवेगळे प्रतिस्पर्धी आणि त्यांत चारही भांड्यांतले, म्हणून साल्झबुर्ग, स्लोव्हान, सेल्टिक असे तोलामोलाचे संघ वाट्याला आले. त्यांच्याविरुद्ध डिनामो काय आहे ते दिसलं.

१९९८-९९ आठवा. तेव्हा क्लबचं नाव क्रोएशिया झाग्रेब होतं. सेल्टिकला पात्रता फेरीत ३-१ ने मागे टाकलं, मग ऑलिंपियाकोस, पोर्टो, आयाक्सच्या गटात ८ गुण घेऊन दुसरे आले. सहा गटांतले फक्त दोन सर्वोत्तम उपविजेते पुढे जायचे, म्हणून बाहेर. पुढच्या वर्षी विजेत्या मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० रोखलं. पोर्टो आणि आयाक्सच्या वर राहणाऱ्या संघाला कुणी कमी लेखू नये.

सातारकर_९

सगळं वाचून आता एक सामना पूर्ण बघायचा आहे. टॉटनहॅमचा बघू का?

बाद_फेरी

तो बघाच. पण माझं मत विचाराल तर त्याआधी २४ ऑगस्ट २०२२ चा बोडो/ग्लिम्टविरुद्धचा परतीचा सामना बघा. ही पात्रता फेरीची शेवटची पायरी. नॉर्वेत ०-१ ने हरून आलेले. घरी दोन गोल करून पुढे गेले, मग बोडोने एक फेडला आणि एकूण २-२. परक्या गोलाचा नियम तोवर रद्द झालेला, म्हणून जादा वेळ. हरले असते तर चॅम्पियन्स लीगचा पैसा गेला, त्यासोबत त्या हिवाळ्यात आणखी दोन-तीन खेळाडू विकावे लागले असते. प्रत्येक टॅकलमध्ये ते दिसतं. आदल्याच वर्षी याच टप्प्यावर शेरिफ तिरास्पोलने त्यांना बाहेर काढलं होतं.

डिनामोचा युरोपातला हंगाम खरं तर या पात्रता सामन्यांतच ठरतो. २०१७ ला स्केंदरबेउविरुद्ध, २०१८ ला यंग बॉईजविरुद्ध, २०२० ला फेरेंत्सवारोशविरुद्ध तो तिथेच वेगळ्या वाटेला लागला. बोडोविरुद्ध जादा वेळेत दोन गोल झाले, ४-१. चेल्सी दोनच आठवड्यांनी तिथे आली.